दोन मिनिटं म्हणायचं नाही

१० फेब्रुवारी

ती. ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. बाकीचं आठवेल तसं.

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच करणार होतो, पण तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे चौकात उभं राहून बोलणं. तू फोन स्पीकरवर टाकून शिलाई मशीनवर ठेवतेस, भाऊजी मधूनच "काय म्हणतो गं?" म्हणतात, आणि तुझी ती काज-बटण करणारी बाई मला सल्ले देते. मागच्या खेपेला माझ्या पित्तावर तिनेच उपाय सांगितला. (गुण आला. तिला सांग.) आणि आमच्या घराचं म्हणशील, तर भिंती आहेत, पण त्या नुसत्या दिसायला. अण्णांनी खोलीत उसासा टाकला की स्वयंपाकघरातलं झाकण हलतं. तेव्हा कागदच बरा.

आता मुद्द्याचं. या उन्हाळ्यात आम्ही दोघं नवराबायको जातोय. तिच्या देशाला. हसू नकोस. दर उन्हाळ्यात आम्ही जातो आणि दर उन्हाळ्यात इथेच असतो, हे मलाही माहीत आहे. पहिल्या वर्षी लिफ्टचं मोठं कंत्राट आलं. मग मिस्त्रीने पाय मोडून घेतला. एका वर्षी इस्पितळाच्या सगळ्या लिफ्ट एकदम बदलायला निघाल्या, तिथे "मी जरा सासुरवाडीला जाऊन येतो" कुणाला सांगणार? लोक स्ट्रेचर घेऊन उभे. मग तिचे वडील गेले तेव्हा ती एकटीच गेली, आणि आठवड्यात परत आली, कारण इकडे अण्णांची डावी बाजू गेली. दरवेळचं कारण खरं होतं, ताई. खोटं कारण मी एकदाही दिलं नाही. फक्त दरवेळी "पुढच्या उन्हाळ्यात नक्की" म्हणत आलो.

या वर्षी तिने मला विचारलंच नाही. तिकिटं काढली आणि जेवताना सांगितलं. जाण्यायेण्याची, दोघांची, सहा आठवड्यांची. मी पाण्याचा पेला तोंडाला लावलेला होता, तो तसाच राहिला. अण्णा म्हणाले, "जा रे, जा. मी काही पळून जात नाही." हा त्यांचा विनोद आता जुना झाला, पण डावा गाल हलत नसताना माणूस हसून दाखवतो म्हटल्यावर आपणही हसायचं.

तर विनंती अशी. तू ये आणि सहा आठवडे राहा. सकाळी मावशी येतात, अण्णांची अंघोळ, चालणं, सगळं त्या बघतात. तू फक्त घरात असायचं. ते रेडिओ मोठा लावतात तो बारीक करायचा, आणि त्यांनी परत मोठा केला की परत बारीक करायचा. गुडघ्याची काळजी करू नकोस, एकही पायरी नाही. लिफ्टवाल्याचं घर तळमजल्यावर, यावर सगळी गल्ली हसून झाली आहे. मिठाईवाला घरी गोड खात नाही, त्यातलंच हे.

तयारी जोरात चालू आहे. काल पाहुणीने हिवाळ्याचा जाड कोट धुऊन वाळत घातला. (अण्णांनी लग्नानंतर आठवड्याभरात तिला "पाहुणी" म्हणायला सुरुवात केली, ते नाव गावभर झालं. आता मिस्त्रीसुद्धा "पाहुणीवहिनी" म्हणतो.) मी म्हटलं, "अगं, उन्हाळ्याच्या सहलीला हा अस्वलाचा कोट कशाला?" म्हणाली, "तिकडे संध्याकाळी गार असतं." असेल. तिचा देश, तिला ठाऊक.

तर लवकर कळव. गणवेशांच्या हंगामाच्या आत तुला तुझ्या मशीनपाशी परत सोडतो, हा माझा शब्द.

तुझा,
ससोबा

(अजून याच नावाने सही करतो. कान तेवढेच लांब आहेत, केस मात्र गेले.)

७ मार्च

ती. ताई,

तुझं पत्र पोचलं. वळणदार अक्षर, वळणदार प्रश्न. भाऊजींना खोकल्याचं औषध वेळेवर दे. मी विचारलंय म्हणून सांगितलंस तर घेतील, तू सांगितलंस तर घेणार नाहीत. नवराजात.

तू तीन गोष्टी विचारल्यास. पहिली, अण्णा पथ्य पाळतात का. नाही. दुसरी, "सहा म्हणजे सहाच ना? शाळा उघडायच्या आधी मी कात्रीवर नसले तर तिन्ही शाळा दुसऱ्या शिंप्याकडे जातील आणि एकदा गेलेली शाळा परत येत नाही." समजलं. सहा म्हणजे सहा. तिसरी, "तिचं कसं चाललंय?" उत्तम चाललंय.

एक गंमत सांगतो. परवा मिस्त्रीला झापला. त्या दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत ना, त्यांच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत बाई. मिस्त्री पोचला आणि बाहेरून ओरडला, "दोन मिनिटं, बाई!" वरच्या मशीनखोलीत जाऊन बघतो तर काम चांगलं तासाभराचं. बाईंनी दोन मिनिटं धीर धरला, पाच मिनिटं धरला, मग स्वतःच दार फाकवायला लागल्या. नशीब, मी तेवढ्यात पोचलो. अडकलेला माणूस लिफ्टमुळे मरत नाही ताई, मधल्या फटीतून बाहेर पडायला जातो म्हणून मरतो.

मी मिस्त्रीला घरी आणून, चहा पाजून झापला. तो माझ्याहून जुना, माझ्याबरोबर खड्ड्यात उतरून ग्रीस लावलेला माणूस, पण चूक ती चूक. म्हटलं, "अरे, पहिल्या दिवशी तुला काय शिकवलं होतं? की मलाच तू शिकवलं होतंस? आधी दाराशी उभं राहायचं आणि म्हणायचं, मला तुमचा आवाज येतोय, मी इथेच आहे. मग खरी वेळ सांगायची. तास लागणार असेल तर तास सांग. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. माणूस ते सोसतो. पण दोन मिनिटं म्हणायचं नाही. कधीच नाही."

मिस्त्री म्हणाला, "मालक, लोकांना बरं वाटावं म्हणून म्हणतो."

"कुणाला बरं वाटतं? त्यांना का तुला?"

आमचं हे चाललेलं असताना पाहुणी कट्ट्याशी उभी राहून डबे पुसत होती. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि अगदी सहज म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात नक्की. हो ना?"

मिस्त्री हसला, मीही हसलो. ती पण हसली. डबे पुसत राहिली.

तुला आठवत असेल, आमची ओळखच मुळी अशी झाली. कचेरीच्या इमारतीत ती एकटी अडकली होती, शहरात नवीन, भाषा येत नाही. मी दारातून मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की पाऊण तास लागेल. पाऊण तासच लागला. बाहेर आली ती घामाने भिजलेली, आणि म्हणाली, या शहरात मला खरी वेळ सांगणारा तू पहिला माणूस. लग्नात हा किस्सा मी शंभरदा सांगितला. त्याच लग्नात तू मला मांडवाच्या खांबामागे ओढून म्हणालीस, "परक्या मुलखातलं पाखरू आहे, ऋतू बदलला की उडेल." मी म्हटलं, "ताई, मी पिंजरे नाही बनवत, लिफ्ट बनवतो." तू रुसलीस आणि पंगतीत मला वाढलं नाहीस. ते पाखरू आता परत काढू नकोस, एवढ्यासाठी हे आधीच लिहून ठेवलं.

आणखी एक सांगून टाकतो, तू कुणाला बोलणार नाहीस. मला तिची भाषा येते.

तिला माहीत नाही. झालं असं की लग्नानंतर दर रविवारी दुपारी ती तिच्या आईशी फोनवर बोलायची आणि मी बाजूला पेपर धरून बसायचो. तुला माझे कान माहीत आहेत. मोटरीचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगतो, तर ही माणसांची भाषा. वर्ष-दोन वर्षांत कळायला लागली. सासूबाईंचं बोलणं मला अजून निम्मंच कळतं, उताराला लागलेली गाडी. हिचा मात्र एकेक शब्द सुटा, स्वच्छ, ओवलेल्या मण्यांसारखा. शिकायला असा गुरू मिळायचा नाही. मी ठरवलं होतं, पहिल्यांदा तिकडे उतरलो की थेट सासूबाईंच्या पाया पडून त्यांच्या भाषेत चार वाक्यं ठणकावायची. दोघींचे चेहरे बघायचे. पण जाणंच झालं नाही आणि ती गंमत खिशातच राहून गेली. आता इतक्या वर्षांनी काढायची तर कशी काढायची? रविवारचं सगळं ऐकलंय म्हणून सांगायचं? माणूस बायकोच्या पाठीमागे असतो तो असा नाही.

असो. तिने तुझ्यासाठी कट्ट्यावरच्या डब्यांना चिठ्ठ्या लावायला घेतल्यात. अण्णांच्या गोळ्या सकाळ-दुपार-रात्र वेगळ्या केल्या. मावशींना गॅसचा कॉक दाखवत होती, "मी नसताना हा बंद करा." मी दारात होतो. म्हटलं, अगं, "आम्ही नसताना" म्हण. दोघं जातोय ना?

"हो," म्हणाली. "आम्ही."

मराठी तिची अशी चांगली आहे, पण कधी कधी चुकते.

भाऊजींना नमस्कार. काज-बटणवालीला पित्त बरं असल्याचं कळव.

तुझा,
ससोबा

२८ मार्च

ताई,

आज वरचं "ती." गिळून टाकलं आहे. समजून घे.

दोन पत्रं मी तुला लिहिली आणि दोन्हींत तू जे विचारलं नव्हतंस तेच सविस्तर सांगितलं. जे विचारलंस, "तिचं कसं चाललंय", त्याला दोन शब्द. तू शिंपीण आहेस, कापड कुठे ओढलं गेलंय ते तुला दिसलंच असेल.

त्या कोटाचं मला त्याच दिवशी कळलं होतं. "मी नसताना"चंही कळलं होतं. तिची मराठी चुकलेली नव्हती. खरं म्हणजे, गेलं वर्षभर कळत होतं. सासूबाईंची नजर जात चालली आहे. आधी कडेचं दिसेना, आता समोरचंही धूसर. त्यांना हिच्याशिवाय कुणी नाही. दर रविवारी ही फोनवर सांगायची, आई मी येते, आई मी येऊन राहते. मी पेपरची पानं उलटायचो. एका रविवारी म्हणाली, "इथे मला अजून पाहुणी म्हणतात. तिकडे आले की तूही माझ्यासाठी चांगले कप काढशील. मी पाहुणी नाही असं घर कुठलं, आई?"

मी त्या दिवशी उठून गाडी पुसायला गेलो. स्वच्छ होती.

काय करणार होतो, सांग. ऐकलं म्हणावं तर इतकी वर्षं चोरून ऐकतोय हे कबूल करायचं. न ऐकल्यासारखं करावं तर तिच्या बॅगेला स्वतःच्या हाताने पट्टा बांधून द्यायचा. आणि मी तो दिलाही! नवीन पट्टा आणला, चांगला रुंद, कुलपाचा. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा तुटायचा नाही." मी म्हटलं, "तेच तर."

तुला लिहिलं नाही त्याचं कारणही सांगतो. मला तुझं पाखरू नको होतं. तू बरोबर होतीस हे ऐकायला लागू नये म्हणून मी तुला सहा आठवड्यांसाठी बोलावत होतो.

गेल्या रविवारची गोष्ट. दुपारी ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती, फोन पलंगावर, मोठ्या आवाजात. सासूबाईंना आता चाचपडायला दोन्ही हात मोकळे लागतात आणि हिचे हात कपड्यांत, म्हणून दोन्हीकडे तसाच. अण्णा पलीकडे पेंगत होते. मी दाराबाहेर पॅसेजमध्ये बुटांना पॉलिश करत बसलो होतो. तिकडे घालायचे बूट.

सासूबाईंनी विचारलं, परतीची तिकिटंही काढलीस ना?

"काढली. त्याचं तो वापरेल."

"आणि तुझं?"

"माझं वाया जाईल."

ब्रश माझ्या हातात होता, बुटावर टेकलेला. पलीकडून सासूबाई काहीतरी भरभर बोलल्या, त्यातलं शेवटचं तेवढं कळलं. "त्याला सांगितलंस का?"

हिने हातातली घडी खाली ठेवली. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "सांगितलंय, आई. दर रविवारी सांगते. तो उत्तर देत नाही."

ताई, मोटरीतला बिघाड मजल्यावरून ओळखणारा मी. इतकी वर्षं माझ्या डोक्यात हे आलं नाही, की आई तिकडून भरधाव बोलते आणि लेक इकडून इतकी सावकाश का बोलते? आपल्या आईशी असं कोण बोलतं? तू बोलायचीस? आईशी बोलताना माणूस अर्धी वाक्यं खातो. ती शब्द मोजून, निवडून, सोलून ठेवत होती. दार उघडं ठेवून. मी पेपर घेऊन बसलो की मगच फोन लावायची. आणि मी तिच्या उच्चारांचं कौतुक करत बसलो.

मी उठलो. एका हातात बूट घातलेला, तो काढायचं सुचलं नाही. दारात उभा राहिलो आणि तिच्या भाषेत म्हटलं, "मला तुझा आवाज येतोय."

तिने वर बघितलं नाही. फोनमधून सासूबाई हसायला लागल्या. जावई बोलतो खरा, पण सगळं माझ्या मुलीच्या तोंडचं! बाई बोलते तसा बोलतो! शिकलोच एका बाईकडून, तर दुसरं काय येणार. मग त्यांनी हसणं आवरलं. म्हणाल्या, "मी नंतर बोलते," आणि त्यांनी फोन ठेवला. म्हणजे ठेवायचा प्रयत्न केला. बटण दिसत नाही त्यांना. बराच वेळ त्यांच्या घरातली खुर्ची सरकल्याचा, नळाचा आवाज येत होता. मग हिने इकडून बंद केला.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं. मराठीत.

"आई शेजारच्या बोकडाची गोष्ट सांगत होती, तेव्हा. तो गावाच्या बैठकीत शिरला होता. तू पेपरमागे हसलास."

म्हणजे अगदी सुरुवातीला गं. तेव्हा मूल झालं असतं तर आता शाळेत जायला लागलं असतं, इतक्या वर्षांपूर्वी.

"मग मला सरळ का नाही सांगितलंस? मराठीत?"

तिने उशीचा अभ्रा गुडघ्यावर सपाट केला. म्हणाली, "मराठीत सांगितलं की तू विनोद करतोस. सगळे हसतात, मी पण हसते. आणि ते राहून जातं. माझ्या भाषेत तुला विनोद करता येत नव्हता. नुसतं ऐकावं लागायचं."

विनोद आला होता तोंडावर, खोटं कशाला सांगू. दातांखाली धरला.

मग मी नेहमीची शिडी लावायला गेलो. म्हटलं, हे बघ, सासूबाईंना इकडे आणू. ती म्हणाली, "जिला घरातली खुर्ची हाताने सापडते, तिला परक्या घरात आणायचं? मी डोळ्यांनी बघत होते तरी मला वर्ष लागलं." म्हटलं, मग दोन महिने मी येऊन-जाऊन... आणि माझ्याच तोंडून मिस्त्री बोलतोय असं वाटलं. दोन मिनिटं, बाई! तिथेच थांबलो.

"परत येशील का?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "आईवर आहे. आई किती वर्षं आहे, कोण सांगणार?" मग विचारलं, "तू किती दिवस राहशील?"

मला सहा आठवडे म्हणायचं होतं. "कायमचा" म्हणून टाकायचंही मनात होतं, बाईला बरं वाटावं म्हणून. की मला? मी म्हटलं, "माहीत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. पाऊण तासानंतर दार उघडलं होतं तेव्हा बघितलं होतं, तसं. मग पलंगावरची चादर उचलली आणि तिची दोन टोकं माझ्याकडे दिली. मोठी चादर एकट्याने घडी होत नाही. आम्ही दोघांनी ती धरली, ताणली, एकमेकांकडे चालत गेलो. बुटाचं पॉलिश चादरीला लागलं. तिने डाग आत दुमडला.

दार उघडलं असं समजू नकोस हां. नुसता आवाज पोचलाय. केबिन अजून दोन मजल्यांच्या मध्येच आहे, आणि त्यात आता आम्ही दोघं आहोत. इकडे अण्णा, त्यांना हलवता येत नाही. तिकडे तिची आई, तिलाही नाही. मी पान्हा-पक्कडीपासून उभं केलेलं काम इथे, आणि ते मिस्त्रीच्या हातात दिलं तर निम्मं शहर "दोन मिनिटं"वर लटकेल. कुठल्याही बाजूने पाऊल टाकायचं तर खाली मोकळा खड्डा दिसतो. मी लोकांना सांगत आलो, घाबरू नका, केबिन खाली पडत नसते. आता आत उभा राहून तेच वाक्य म्हणून बघतोय. खरं आहे, पण आतून ते वेगळं ऐकू येतं.

अण्णांना सांगितलं. ते पेंगत नव्हतेच, नुसते डोळे मिटून पडले होते. आमच्या घराच्या भिंती! भाषा त्यांना कळली नव्हती, सूर कळला होता. पाहुणी या शब्दाचं सांगितलं तेव्हा त्यांनी उजव्या हाताने रेडिओ बंद केला. "मी प्रेमाने म्हणायचो," म्हणाले. मी म्हटलं, "आम्ही सगळेच." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना चहा हवा होता. "पा..." म्हणाले आणि जीभ चावली. दुसरा शब्द सापडेना. नावाने हाक मारावी तर नाव कधी घेतलेलं नाही, सूनबाई म्हणायची सवय नाही. शेवटी नुसतंच ओरडले, "अगं!"

आतून ती म्हणाली, "ओ."

आता तुझं. पहिल्या पत्रात सहा आठवडे लिहिले आणि दुसऱ्यात सहा म्हणजे सहा म्हटलं, ते दोन्ही खोड. मला माहीत नाही, ताई. सहा आठवड्यांनी मी एकटा परत येईन, असंही होईल. तिथेच राहावंसं वाटलं आणि अजून थोडं, अजून थोडं असं झालं, असंही होईल. माझा स्वतःवर भरवसा नाही. तू आलीस तर गणवेशांच्या आत परत जाशीलच असा शब्द मी देऊ शकत नाही, आणि दिलेला परत घेतो. तीन शाळा जातील. त्या परत यायच्या नाहीत, हे तूच लिहिलं आहेस. हातातला कामधंदा काय असतो ते मला शिकवायला नको.

नाही म्हणालीस तर मी इथे राहीन, अण्णांपाशी. ती एकटी जाईल. जाणार हे नक्की आहे, ती थांबणार नाही आणि मी तिला थांबवणार नाही. तुझ्यावर ओझं टाकायला हे सांगत नाही. खरी वेळ सांगायची म्हटलं की ही खरी वेळ आहे, म्हणून सांगतो.

पाखराचं बोलायचं असेल तर बोल. तुझा हक्क आहे, पंगतीत वाढलं नाहीस तेव्हापासूनचा. फक्त एक कर. "बघू" म्हणू नकोस. आपल्या घरात "बघू" म्हणजे काय ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आता तिलाही.

ये म्हण, नको म्हण, माहीत नाही म्हण. फोनवर सांगितलंस तरी चालेल. स्पीकरवर टाक, शिलाई चालू ठेव, भाऊजी असू देत, काज-बटणवाली असू दे. मशीनच्या मागूनसुद्धा मला तुझा आवाज येतो.

मी इथेच आहे.

ससोबा